मुंबईत उतरायचे कुठे?

मुंबईला येणाऱ्या पाहुण्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा लंडनच्या मरे प्रकाशनाच्या हँडबुकापासून होते. १८५९ साली ते निघाले आणि त्यात मुंबई इलाख्याला स्वतंत्र भाग होता. मग १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ आले, १८७५ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’चे संपादक मॅक्लीन यांचे इंग्रजी मार्गदर्शक आले. ही ओळ लावली की वाटते, छापखाने वाढत गेले तशी प्रवाशाची सोयही होत गेली. मला ही ओळ अपुरी वाटते. मुंबईत पाऊल ठेवणाऱ्या बहुसंख्यांना जी माहिती लागत असे, ती कुठे छापलेलीच नव्हती. ती माणसांच्या तोंडी होती, आणि ती कोणाला मिळते, कोणाला नाही, यावरच हे शहर कोणासाठी खुले आहे हे ठरत होते.

१९२१च्या जनगणनेत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकी ऐंशीहून अधिक जण शहराबाहेर जन्मलेले निघाले. त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. कोकणातून बोटीने येणाऱ्याला धक्क्यावर उतरल्यावर राजाबाई टॉवरची उंची ठाऊक असून उपयोग नव्हता. वळकटी कुठे टाकायची, पहिला पगार होईपर्यंत उधारीवर कोण जेवू घालील, गिरणीत कोणत्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, भेटायचे, हे त्याला हवे होते. याचे उत्तर गावकऱ्यांच्या खोलीत मिळे. एकेका खोलीत एकाच गावचे गडी पाळीपाळीने झोपत आणि जवळच्याच खानावळवालीकडे महिन्याच्या बोलीने जेवत. गोव्याहून येणाऱ्यांनी या व्यवस्थेला सर्वांत नेटका आकार दिला. धोबी तलावाच्या आसपास त्यांचे ‘कूड’ उभे राहिले, बहुतेक एकेका गावाचे एकेक. आत भिंतीला लागून खलाशांच्या, आचाऱ्यांच्या, वाजंत्र्यांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, रात्री जमिनीवर चटया. ठरलेली वर्गणी भरली की पेटीला जागा मिळे, आणि तिच्या मालकाला बोटीवरच्या नोकरीची, परतीच्या वाटेची, सावकाराची अशी सारी खबर. मरेच्या पुस्तकातली कुठलीही माहिती याहून अधिक कामाची नव्हती.

यावर कोणी म्हणेल, ही पोटासाठी आलेली माणसे; त्यांना प्रवासी का म्हणायचे? पण सहल आणि स्थलांतर यांमधली आजची रेघ त्या काळावर ओढता येत नाही. हायकोर्टातल्या दाव्यासाठी, औषधपाण्यासाठी, गुजरी मालाच्या खरेदीसाठी आलेला माणूसही त्याच प्रश्नाने अडत असे. हाजची यात्रा तर मुंबई बंदरातूनच मोठ्या प्रमाणावर होई. १८८६ साली हिंदुस्थान सरकारने या यात्रेकरूंच्या प्रवासाचे काम थॉमस कुक कंपनीला दिले. जगभर छापील भाडी आणि तिकिटे यांवर नाव कमावलेली ती कंपनी, पण काही वर्षांतच तिने तोट्यापायी हे काम सोडले. यात्रेकरूंच्या गावोगावी ओळखीचे मध्यस्थ आणि दलाल होते, आणि कंपनीचे गणित त्यांच्याशी जुळले नाही. लोक अडाणी होते म्हणून छापील माहिती चालली नाही, असे म्हणणे मला उथळ वाटते. समुद्रापार जाताना पैसे कोणाच्या हातात द्यायचे हे माणूस ओळखीवरून ठरवतो, आणि ते शहाणपणाचेच होते.

छापलेले तरी भरवशाचे होते का? मुंबईचे घड्याळ हाच याचा पुरावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे मद्रासच्या वेळेने धावू लागली होती आणि शहर आपल्या स्थानिक वेळेने चालत होते. मद्रास तीस मिनिटे पुढे. वेळापत्रकात दहाची गाडी असेल तर ती शहराच्या साडेनऊलाच सुटे. हे ठाऊक नसलेला पाहुणा पत्रक नीट वाचूनही अर्धा तास उशिराच पोहोचणार. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ आली तेव्हा हा फरक एकोणचाळीस मिनिटांचा झाला, कारण लोकांच्या विरोधामुळे नगरपालिकेने स्थानिक वेळच राखली, आणि ती पुढे अनेक दशके टिकली. छापलेला आकडा वाचता येणे वेगळे आणि तो कोणत्या घड्याळाचा हे कळणे वेगळे. हे दुसरे कोणीतरी सांगावेच लागे.

तरीही या तोंडी माहितीचा गौरव करताना थांबायला हवे, कारण तिच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप खरा आहे. ती जातीच्या, धर्माच्या, गावाच्या कुंपणातच फिरत होती. ज्याच्या जातीला खोली नाही त्याला पत्ताही नाही. दानशूरांच्या धर्मशाळा होत्या, पण कोणाला जागा द्यायची हे बहुधा दात्याच्या समाजावरून ठरे. १८७१ मध्ये उघडलेले वॉटसन हॉटेल तर फक्त युरोपीयांसाठी होते. ही गोष्ट मुंबईपुरतीच नव्हती; १९१७ साली बडोद्यात डॉ. आंबेडकरांना अस्पृश्य म्हणून पारशी पथिकाश्रमातून बाहेर काढले गेले. संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या या विद्वानाकडे शिक्षण होते, हुद्दा होता, पण उतरायला जागा नव्हती. १९२३च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. त्यात सार्वजनिक पाणवठे, शाळा, कचेऱ्या यांच्या जोडीने सरकारी पैशाच्या धर्मशाळांचाही स्पष्ट उल्लेख होता. चवदार तळ्याच्या संदर्भात हा ठराव सर्वांना आठवतो. धर्मशाळेचा भाग मात्र विसरला जातो, आणि प्रवासाच्या इतिहासासाठी तोच महत्त्वाचा आहे.

म्हणून मला सार्वजनिक वाहतुकीचे मोल वेगळे वाटते. १८७४ च्या मे महिन्यात कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची आली, १९२६ च्या जुलैत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट बस धावली. ट्रामच्या वाहकाला उतारूच्या गावाशी किंवा आडनावाशी कर्तव्य नव्हते. ठरलेले आणे दिले की जागा. मुंबईत कोणाच्याही ओळखीशिवाय मिळणारी माहिती खऱ्या अर्थाने इथे सुरू झाली. ती पुरती पोहोचली नाही हेही तितकेच खरे. आज रेल्वेची वेळ, बसचा क्रमांक, हॉटेलचे भाडे मोबाइलवर कोणालाही दिसते. पण महिनाभरासाठी खोली शोधणाऱ्याला फोनवर अजूनही नाव, गाव आणि खाणेपिणे विचारले जाते, आणि कधी कधी त्या उत्तरावर खोली मिळणे न मिळणे ठरते.