सावित्रीच्या उगमाकडे : प्रस्तावना
पोलादपूरहून क्षेत्र महाबळेश्वरला निघालेला यात्रेकरू आपल्याच नदीच्या उगमाकडे चढत असतो. सावित्री महाबळेश्वरच्या कड्यावरून उतरते, पोलादपूर-महाडवरून वाहते आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते. माथ्यावरच्या पंचगंगा मंदिरात मात्र कृष्णा, वेण्णा, कोयना आणि गायत्री यांच्यासोबत ती एकाच गोमुखातून येते, अशी श्रद्धा आहे. तीर्थयात्रेच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांचे स्वागत याच चढणीवर करावेसे वाटते.

त्यामागची कथा अशी : ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्री वेळेवर पोचली नाही म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवले. संतापलेल्या सावित्रीने देवांना नद्या होण्याचा शाप दिला. विष्णू कृष्णा झाला, शिव वेण्णा, ब्रह्मदेव कोयना. सावित्री आणि गायत्रीही नद्या झाल्या, पण पश्चिमेकडे वाहणाऱ्या. आता नकाशा उघडा. पहिल्या तिघींचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री हजार मीटरहून अधिक उंचीवरून कोकणात झेपावते. सह्याद्रीचा पाणलोट कुठे दुभंगतो, हे कथेला नेमके ठाऊक आहे. या विषयाचा गाभा मला इथे दिसतो. कथा भाबडी म्हणून बाजूला सारू नये, आणि नकाशा जुळला म्हणून ती उलगडली असेही मानू नये. हक्काची जागा गेलेल्या स्त्रीचा संताप कुठल्याच नकाशात सापडत नाही.

वाटांचेही तसेच. आज गाड्या आंबेनळी घाटाने चढतात. जुना पार घाट पारच्या रामवरदायिनीजवळून जातो. चंद्रगडाच्या बाजूची ढवळे घाटाची बिकट वाट बहिरीच्या घुमटीवरून माथ्यावरच्या मढीमहालाला भिडते. उन्हाळ्यात पाणी कुठे टिकते आणि कोणत्या देवाला नारळ ठेवल्याशिवाय पुढे जायचे नाही, हे ढवळे गावातच विचारावे लागते.

या अभ्यासात दामोदर कोसंबींनी लेणी, देवींची ठाणी आणि व्यापारी वाटा एकत्र पाहायला शिकवले. महाडजवळची गांधारपाले लेणी त्या नजरेने पाहावीत. इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या. महाराष्ट्रातल्या नद्यांचे धार्मिक अर्थ अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 1995च्या ग्रंथात उलगडले.

त्यात एका कामाची भर तातडीने पडायला हवी. जुलै 2021मध्ये महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही माणसे गेली, आंबेनळी घाट खचला. उठलेल्या वाड्यांचे देव कुठे नेले, जत्रा कुठे भरते, कोणती पायवाट मोडली, हे सांगणारी माणसे आज गावात आहेत. त्यांच्याकडे आधी जावे. ग्रंथालय नंतरही उघडे असते.