किराणा दुकानदाराचे शिक्षण : युसूफ वडगाव परिसराच्या निमित्ताने

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातले गाव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याबरोबर ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राज्यकर्ते, नाणी, मापे आणि कायदे अशा रीतीने थोडक्या वर्षांत पालटत गेले, तेव्हा गावोगावच्या धान्य-किराण्याच्या दुकानदाराला आपला धंदा पुनःपुन्हा नव्याने शिकावा लागला. आज ज्याला अन्नविक्रेत्यांचे प्रशिक्षण म्हटले जाते, त्याचा मराठवाड्यातील इतिहास या पालटांशी जोडलेला आहे. या इतिहासात कायदा नेहमी आधी पोचला आणि त्याचे शिक्षण फार उशिरा आले, असे दिसून येते.

जुन्या काळी दुकानदाराचे शिक्षण दोन ठिकाणी होई : पंतोजींच्या शाळेत आणि दुकानाच्या गादीवर. शाळेत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पाव ते साडेतीन या अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेतले जात. शेराला सव्वा आणा या भावाने साडेतीन शेर ज्वारीचे पैसे काढायचे झाले, तर औटकी तोंडपाठ असलेला मुलगा पाटी न धरता चार आणे साडेचार पै असे उत्तर देई. बारा पैंचा एक आणा होत असल्यामुळे असे अर्धे-पाव भाग रोजच्या व्यवहारात सतत येत आणि पाठांतर हाच त्यावरचा खात्रीचा उपाय होता.

गादीवरचे शिक्षण उमेदवारीने चाले. दुकानात नव्याने बसलेला मुलगा आधी झाडलोट, पोती हलवणे आणि माल निवडणे ही कामे करी, मग तागडी हाती घेई आणि शेवटी वहीपर्यंत पोचे. तागडीच्या दोन पारड्यांतील मूळचा फरक म्हणजे पासंग. माल आणि वजने यांची पारडी आपसात बदलून तो ओळखायचा आणि हलक्या बाजूला भार बांधून तो काढायचा, हा पहिल्या धड्यांपैकी एक. धान्य मात्र बहुधा वजनाऐवजी मापाने विकले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली ही चढण सगळीकडे ओळखीची होती. पण माप शीग लावून द्यायचे की काठोकाठ सपाट करून, हे त्या त्या बाजाराच्या रिवाजावर अवलंबून असे आणि तो रिवाज कोठे लिहिलेला नसे. वहीत रोजचा व्यवहार कीर्दीत, म्हणजे दैनंदिन नोंदवहीत, टिपून तो खातेदाराच्या नावाने खतावणीत उतरवला जाई. नामे आणि जमा या दोन बाजूंचा मेळ बसल्याशिवाय दिवस संपत नसे.

संस्थानी राजवटीने या अभ्यासक्रमात आणखी विषय घातले. निजामाचे स्वतःचे नाणे, हाली सिक्का, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया, ज्याला मराठवाड्यात कलदार म्हणत, यांचा भाव सात हालीला सहा कलदार असा होता. संस्थानाबाहेरून शंभर कलदारांचा माल आणला, तर तो हालीत एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पैंना पडे. सरकारी कागद उर्दूत आणि सन फसली, तर दुकानाची वही मराठी किंवा मारवाडी वळणाची, असा हा व्यवहार होता. लिंगायत वाणी, मारवाडी आणि कोमटी घराण्यांनी ही जाण पिढ्यान्‌पिढ्या जपली. या शिक्षणाचे मोल मोठे असले, तरी ते घराण्याच्या आणि जातीच्या भिंतींच्या आत राहिले, हा त्यातील मोठा दोष होता. ज्याच्या घरी दुकान नव्हते, त्याला ते शिकण्याची वाट जवळजवळ बंद होती.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दीड दशकात या जुन्या शिक्षणाचा पायाच बदलला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या वजनमाप कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली आणि १९६२ पर्यंत शेर-मणांची जागा किलोग्रॅमने घेतली. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरत असल्याने शेराचा भाव जसाच्या तसा किलोला लावला, तर दुकानदाराला तोटा होई, आणि ढोबळ मानाने वाढवला, तर गिऱ्हाईक नाडले जाई. औटकीचा पाढा पाठ असलेली पिढी दशांश चिन्हापुढे एकाएकी नवशिकी ठरली. नव्या षट्कोनी लोखंडी वजनांवर सरकारी शिक्का आणि त्यांची ठरावीक मुदतीने फेरतपासणी हे बंधनही याच काळात आले.

याच सुमारास, १ जून १९५५ पासून, अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा अमलात आला. अन्न निरीक्षकाने दुकानातून नमुना घ्यायचा, त्याचे तीन भाग करून मोहोरबंद करायचे आणि एक भाग विश्लेषकाकडे पाठवायचा, अशी त्याची रीत होती. या कायद्याच्या १९ व्या कलमाने, विकलेल्या पदार्थाचे स्वरूप किंवा प्रत आपल्याला ठाऊक नव्हती, हा विक्रेत्याचा बचाव नाकारला. रीतसर पुरवठादाराकडून लेखी हमीसह खरेदी केल्याचे आणि माल नीट जपून होता त्याच स्थितीत विकल्याचे सिद्ध करणाऱ्याला मात्र संरक्षण होते, म्हणजे खरेदीची पावती जपणे हाच छोट्या दुकानदाराचा खरा आधार होता. अज्ञानाला माफी न देणाऱ्या या कायद्यात ते अज्ञान दूर करण्याची, विक्रेत्याला शिकवण्याची तरतूद मात्र नव्हती.

१९७२ च्या दुष्काळाने धान्यविक्रीचे सार्वजनिक स्वरूप मराठवाड्यात ठळक केले. परदेशातून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, रेशन दुकानांतून वाटला गेला आणि शिधापत्रिका, साठा नोंदवही, कोटा, घट हे शब्द खेड्यातल्या माणसाच्या तोंडी बसले. रेशन दुकानदाराच्या एका चुकीच्या नोंदीने एखाद्या कुटुंबाची चूल बंद राहू शकत होती, इतके ते काम जबाबदारीचे होते.

विक्रेत्याला संघटितपणे शिकवण्याचा विचार मुख्यतः सहकारी चळवळीतून आला. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ मध्ये विणकरांनी काढलेल्या सहकारी दुकानाने पुढे नफ्याचा अडीच टक्के हिस्सा शिक्षणासाठी राखून ठेवला. महाराष्ट्रात सहकार शिक्षणाचे संघटित कार्य १९१८ पासून सुरू आहे आणि १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या ६८ व्या कलमाने संस्थांवर शिक्षण निधीला वर्गणी देण्याचे बंधन घातले. मुंबईत १९४८ मध्ये उभ्या राहिलेल्या अपना बाजारसारख्या ग्राहक भांडारांना या विचाराचा आधार होता. मात्र खेड्यातील खासगी किराणा दुकानदार सहकारी संस्थेचा सेवक नसल्याने या शिक्षणाच्या कक्षेबाहेरच राहिला.

हे अंतर कायद्याने भरून काढले ते २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाने, ज्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. त्याच्या १६ व्या कलमाने अन्नव्यवसायात असलेल्या किंवा येऊ पाहणाऱ्या व्यक्तींसाठी प्रशिक्षण योजणे हे अन्न प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले. २७ व्या कलमाने मुदत संपलेला माल विकणे आणि माल अस्वच्छ जागी ठेवणे यांची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली. २०१७ मध्ये ‘फॉस्टॅक’ नावाचा प्रशिक्षण व प्रमाणपत्राचा कार्यक्रम सुरू झाला. पंचवीस अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, हे त्याचे सूत्र असून किरकोळ विक्री व वितरणासाठी त्यात वेगळे वर्ग आहेत. साठवण, कीडनियंत्रण, वैयक्तिक स्वच्छता आणि लेबलवाचन हे या वर्गांचे मुख्य विषय होत. मराठवाड्याजवळ अन्नशास्त्राचे स्वतःचे बळही आहे : परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७६ पासून अन्नतंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे आणि केजच्या शेजारी अंबाजोगाईला कृषी विज्ञान केंद्र आहे.

या सगळ्याचा मेळ घातला, तर निष्कर्ष स्पष्ट होतो. जुन्या उमेदवारीने हाताला कसब आणि गिऱ्हाइकाशी सचोटी शिकवली, पण ती मोजक्या घरांपुरती राहिली. कायद्याने सर्वांना एका मापात आणले, पण अर्धशतकभर शिकवल्याविना शिक्षा केली. काही तासांच्या वर्गात मिळालेले प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने हे ऋण फिटत नाही. युसूफ वडगावसारख्या गावातील दुकानदाराला, रेशनवाल्याला आणि खानावळ चालवणाऱ्या बाईला मराठीतून, त्यांच्याच बाजारपेठेत, त्यांच्याच तराजू-बरण्यांसमोर आणि वरचेवर शिकवले गेले पाहिजे, आणि त्यासाठी परभणी व अंबाजोगाई येथील संस्था, अन्न व औषध प्रशासन आणि व्यापाऱ्यांच्या संघटना यांनी एकत्र आले पाहिजे. ज्या राज्याने अज्ञान हा बचाव मानला नाही, त्याच राज्यावर ज्ञान दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी येते.