कागद, भंडारा आणि एक लेकरू

परवा कपाट आवरताना एक जुना फोटो सापडला. पुण्यातल्या लॉजची खोली, दोरीवर वाळत घातलेली दुपटी, आणि लोह्याहून आलेली आमची आजी. मांडीवर आठ महिन्यांची मुलगी, तिच्या कपाळावर भंडारा.

माझी मावसबहीण लोह्यातच वाढली. पुढे परदेशात गेली, तिथलं नागरिकत्व घेतलं. मूल दत्तक घ्यायला ती आणि भावजी इकडे आले, तेव्हा कागदोपत्री ती परक्या देशाची होती. कोर्टाचा हुकूम हातात आला होता. पण नावात एका अक्षराची चूक निघाली आणि मुलीचा पासपोर्ट अडकला. तिकीट दोनदा पुढे ढकललं. भावजींची रजा संपत आली. मुलगी जवळ होती, पण घरी नेता येत नव्हती. ते शेवटचे दिवस फार वाईट होते. मुलीला ताप आला तरी ताईला वाटायचं, आता कोणी म्हणेल, हिला सांभाळता येत नाही.

अशात आजी रात्रीच्या एसटीने पुण्याला आली. मुलीकडे बघून तिने पहिलाच प्रश्न टाकला, "कुणाचं लेकरू हाय हे?"

खोलीत कुणी बोलेना.

तेव्हा मला आजीचा राग आला होता. आता वाटतं, तो प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. आपल्याकडे दत्तक म्हणजे वारस. भावकीतला मुलगा, तोही जमीन आणि पिंडासाठी. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला तो राज्य टिकावं म्हणून, आणि कंपनीने तो नामंजूर केला तो राज्य गिळावं म्हणून. त्या सगळ्यात लेकराला कोण विचारतो? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, आपला म्हणून वाढवला. पण असं धाडस किती जणांनी केलं!

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. तरी घरात एक मुलगी असेल तर त्या कायद्याने दुसरी घेता येत नाही. परदेशी लोकांसाठी तर हा कायदाच नव्हता. ते १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त 'पालक' व्हायचे आणि खरं दत्तक आपल्या देशात जाऊन करायचे. मधल्या काळात मूल नक्की कुणाचं? आजीचाच प्रश्न!

या व्यवहारातल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्याचीच याचिका झाली. ६ फेब्रुवारी १९८४ ला न्या. भगवतींनी निकाल दिला. आधी भारतीय घर शोधा. मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचाराला तीन महिने द्या. परदेशी कुटुंबाची तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चौकशी करा. मूल गेल्यावर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि पुढची तीन वर्षं सहा महिन्यांनी फोटोसह अहवाल मागवा. १९९० मध्ये 'कारा' आली, २००३ मध्ये भारताने हेग करार स्वीकारला. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा हुकूम कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

लिसा स्थळेकर तुम्हाला माहीत असेल. १९७९ मध्ये पुण्यात जन्मली, ससूनजवळच्या 'श्रीवत्स'मधून अवघ्या तीन आठवड्यांची असताना दत्तक गेली. आईवडील खरं तर मुलगा शोधत आले होते! पुढे ती ऑस्ट्रेलियाकडून खेळली, आणि २०१३ मध्ये मुंबईत विश्वचषक जिंकून निवृत्त झाली. ही गोष्ट आपण सगळे आनंदाने सांगतो.

दुसरी कुणी सांगत नाही. १९८९ मध्ये मुंबईतून एक लहान मुलगी अमेरिकेत दत्तक गेली. तिच्या नागरिकत्वाचे कागद कुणी पुरे केलेच नाहीत. २००१ पासून तिथे दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू लागलं, पण तोवर तिची अठरा वर्षं उलटली होती. मोठेपणी एका गुन्ह्यात शिक्षा झाली आणि २००८ मध्ये तिला भारतात पाठवून दिलं. नवरा-मुलं तिकडे, आणि इथे ओळखीचं कुणी नाही. हे वाचल्यापासून मी त्या अक्षराच्या चुकीवर चिडणं सोडलं. ताईने तेव्हा एकेक कागद तीनतीनदा तपासला, ते बरोबरच होतं.

असो. लॉजच्या खोलीत ताई शेवटी म्हणाली, "माझं आहे, आजी."

आजीने कनवटीची पुडी सोडली. माळेगावच्या खंडोबाचा भंडारा. "मंग मल्हारीचं बी हाय," म्हणाली, आणि मुलीला मांडीवर घेतलं. पुढचे चार दिवस ताईला तिने दुपटं धुवू दिलं नाही. पाचव्या दिवशी पासपोर्ट आला.

ताईच्या फायलीत अहवालांसाठी काढलेले पुष्कळ फोटो आहेत. हा त्यात नाही. स्कॅन करून आजच तिला पाठवला. आजी आता नाही. मुलगी कॉलेजात आहे आणि तिने उलट टपाली एकच विचारलंय - कपाळावर पिवळं काय आहे?

आता तिला माळेगाव दाखवायला आणायचं आहे.