हिवाळ्यात मासळीचा पट्टा कसा सापडतो? उपग्रह मासे नाही, पाण्याचं तापमान बघतो

हर्णै असो, मिरकरवाडा असो की मालवण, बोट बाहेर काढायची म्हणजे डिझेल, बर्फ आणि खलाशांचा खर्च आधी डोक्यावर. फेरी रिकामी गेली तर तो अंगावर पडतो. मासळी कुठे मिळू शकेल याचा अंदाज हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था मोफत देते. तो कसा काढतात, ते समजून घेऊ.

थंड-गरम पाण्याची सीमा

हिवाळ्यात ईशान्येकडून कोरडे वारे वाहतात. त्यामुळे उत्तर अरबी समुद्रातलं वरचं पाणी थंड होतं, जड होऊन खाली जातं. या घुसळणीत खालची पोषक द्रव्यं वर येतात. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेकडे पाणी २४-२५ अंशांपर्यंत उतरतं, गोव्यासमोर मात्र २७-२८ च्या आसपास राहतं.

हा फरक सगळीकडे हळूहळू पडत नाही. काही ठिकाणी थोड्याच किलोमीटरमध्ये अर्धा-एक अंश तापमान बदलतं. हीच ती सीमारेषा. अशा ठिकाणी सूक्ष्म वनस्पती साचतात. त्या खायला लहान मासे येतात आणि त्यांच्यामागे मोठे.

उपग्रहाला काय दिसतं?

पाण्यातून निघणाऱ्या उष्णतेवरून उपग्रह तापमान मोजतो, तेही फक्त वरच्या पातळ थराचं. ढग आले की हे मोजता येत नाही. हिवाळ्यात आभाळ मोकळं असल्याने चित्र स्वच्छ मिळतं.

दुसरी खूण पाण्याच्या रंगाची. सूक्ष्म वनस्पती वाढल्या की पाणी हिरवट दिसतं. इस्रोने २६ नोव्हेंबर २०२२ रोजी सोडलेला ओशनसॅट-३ हा रंग टिपतो. तापमान आणि रंग दोन्ही ताडून 'संभाव्य मासेमारी क्षेत्र' ठरवतात.

सल्ला असा वाचा

- दिशा आणि अंतर आपल्या जवळच्या बंदरापासूनचं बघा.
- अक्षांश-रेखांश जीपीएसमध्ये टाका.
- खोली आपल्या जाळ्याला चालेल का, ते तपासा.
- तारीख बघा. वारा आणि प्रवाहामुळे रेषा सरकते, शिळा सल्ला उपयोगाचा नाही.

हे विसरू नका

ही शक्यता आहे, हमी नाही. पट्टा लांब असेल तर छोट्या होडीने त्यामागे जाऊ नये. आणि हवामान खात्याचा इशारा असेल, तर पट्टा कितीही जवळ दिसला तरी बोट बंदरातच बरी.