पिशव्या सांभाळणारा

फैजपूर म्हटलं की लोकांना १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आठवतं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. मला मात्र आधी शाळेचं मैदान आठवतं, आणि कडेला निंबाखाली आमच्या पिशव्या सांभाळत बसलेला एक मित्र. लहानपणी पोलिओ झालेला. पीटीच्या तासाला त्याला ठरलेलं वाक्य, "तू बस रे तिकडं." आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नसे. कबड्डीचे गुण मात्र तोच अचूक सांगायचा.

परवा मुरलीकांत पेटकरांविषयी वाचताना तो आठवला.

पेटकर सांगली जिल्ह्यातले, सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून पोहणं सुरू झालं. १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ ला जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवलं! ऑलिंपिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळालं ते २००८ ला, अभिनव बिंद्राचं. म्हणजे तब्बल ३६ वर्षांनी. आमच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पेटकर कुठंच नव्हते. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये.

अशा गोष्टी आपण 'जिद्द' या एका शब्दात गुंडाळून मोकळे होतो. जिद्द होतीच हो. पण त्या जिद्दीला पाणीही मिळालं. खेळ हाही उपचार आहे, हे कुणीतरी आधी मानलं होतं. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, मणक्याला इजा झालेल्या १६ माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्यात स्त्रियाही होत्या. पुढे १९६० ला रोममध्ये पहिलं पॅरालिम्पिक झालं, ते याच वाटेनं.

माझ्या मित्रात जिद्द होती का? माहीत नाही. कुणी पाहिलंच नाही. खुर्चीत बसून गोळा फेकता येतो, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, पिशवी त्याच्याकडे फेकून पळणाऱ्यांत मी पहिला असायचो.

आता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळासाठी स्वतंत्र कलम आहे. पेटकरांच्याच सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीनं २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक जिंकलं. आनंदच आहे. पण पदक ही शेवटची पायरी. पहिली पायरी शाळेच्या मैदानातच असते.

१९३६ ला काँग्रेसनं खेड्यातल्या माणसाला मुंबईला या म्हटलं नाही. ती स्वतः फैजपूरला आली. खेळानंही तसंच निंबाखाली बसलेल्या पोरापर्यंत चालत जायला हवं.

घरात शाळेत जाणारी नातवंडं, भाचरं असतील त्यांना एवढंच विचारा, तुमच्या वर्गात पिशव्या कोण सांभाळतं?