गोळी चालू आहे, थकवा जात नाही

१९५६ हे साल मराठवाड्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या वर्षी १ नोव्हेंबरला आपला मुलूख हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच्या दोन महिने आधी, ऑगस्टमध्ये, भारत सरकारने अमेरिकेशी ‘पी. एल. ४८०’चा करार केला आणि जहाजं भरभरून गहू आपल्या बंदरांत उतरू लागला. त्याच वर्षी तिकडे लंडनमध्ये दोन वेगळ्या प्रयोगशाळांत दोन वेगळे शोध लागले. या सगळ्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या गल्लीतल्या अनेक बायकांच्या अंगावर रोज उमटतो.

थायरॉइडची गोळी आता घरोघर आहे. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, दर काही महिन्यांनी टीएसएच तपासायचं, हे पाठ झालेलं असतं. बहुतेकींना गुणही येतो. काहींना मात्र येत नाही. थकवा, केस गळणं, रक्त कमी, पोट फुगणं, हाडं दुखणं तसंच राहतं. गोळीची ताकद पन्नासवरून शंभर होते, शंभरवरून दीडशे होते, तरी टीएसएच खाली यायला तयार नाही. मग घरचे म्हणतात, ‘मनाला लावून घेतेस.’ डॉक्टरही कधी कधी तेच म्हणतात, जरा सभ्य शब्दांत.

या गोळीचं मूळ एका मेंढीच्या गळ्यात आहे. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क काढून एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचला. ती सुजलेली, मंदावलेली, जवळजवळ आशा सोडलेली होती. ती बरी झाली आणि आणखी अठ्ठावीस वर्षं जगली. तेवढ्या काळात आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या औषधाला लागल्या. आज तेच द्रव्य कारखान्यात तयार होतं आणि गोळीत एक मोहरीएवढंही नसतं.

पण ग्रंथी मुळात बिघडते का? आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, हे जुनं ज्ञान. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मिठाचा जो मोठा प्रयोग केला, तोही १९५६ सालीच सुरू झाला. आपल्या स्वयंपाकघरातलं आजचं मीठ त्याचंच देणं आहे. मात्र मीठ नीट असूनही ग्रंथी झिजत राहते, त्याचं काय? जपानी शल्यवैद्य हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली चार बायकांच्या ग्रंथींचं वर्णन लिहून ठेवलं होतं. त्याचा अर्थ लागला १९५६ मध्ये. रॉइट, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये दाखवलं की या रोग्यांचं शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर चाल करून जातं. घरच्याच पहारेकऱ्याने घर लुटावं, तसं.

दुसरा शोध मार्गो शायनर यांचा. तोंडावाटे नळी सोडून जिवंत माणसाच्या लहान आतड्याचा तुकडा काढण्याची रीत त्यांनी बसवली. त्यामुळे सीलिअॅक या आजारात आतड्याचं मखमली अस्तर कसं सपाट होतं, ते डोळ्यांनी पाहता आलं. हा आजार फार जुना. सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टरांनी १८८७ च्या व्याख्यानात सांगितलं होतं की बरं व्हायचं असेल तर ते आहारानेच. त्यांचा एक बालरोगी रोज डच शिंपले खाऊन गुटगुटीत झाला आणि शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा खंगला. गंमत अशी की, याच गी साहेबांनी पातळ कापून भाजलेल्या पावाला मात्र परवानगी दिली होती! चोर पावातच होता. तो पकडला हॉलंडच्या विलेम डिके यांनी. त्यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, माणसं भुकेने मेली. पण त्यांची सीलिअॅकची मुलं सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी हे प्रबंधात मांडलं.

आता ग्रंथी आणि आतडं यांची गाठ पडते. दोन्ही आजार एकाच घराण्यातले, शरीर स्वतःवर उलटण्याचे. म्हणून हाशिमोटोच्या शंभर रोग्यांत एक-दोघांना, काही पाहण्यांत त्याहून जास्त जणांना, सीलिअॅकही सापडतो. आणि थायरॉइडची गोळी शोषली जाते ती लहान आतड्यातच. अस्तर झिजलेलं असेल तर गोळी पोटात जाते, रक्तात पुरती पोचत नाही. लोह आणि कॅल्शियमचंही तेच होतं. बाईच्या मनात काही नसतं, गोळीतही खोट नसते. वाट खचलेली असते.

आपल्याकडे हे लक्षात यायला उशीर का होतो? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत सीलिअॅकचं प्रमाण उत्तर भारतात शंभरात साधारण एक निघालं, तर दक्षिणेत त्याच्या खुणा हजारात एकाच्या रक्तात दिसल्या. जनुकांची तयारी दोन्हीकडे जवळपास सारखीच होती, गव्हाचं खाणं मात्र कमालीचं वेगळं. मराठवाडा खाण्याच्या बाबतीत या दोहोंच्या मधला. जुन्या पिढीत गहू सणाचा, ज्वारी रोजची. ज्वारीच्या पिठाला विरी असते, पण ती गव्हाच्या ग्लुटेनची नव्हे. म्हणून तर भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. १९७२ च्या दुष्काळात आलेल्या लाल मिलोच्या भाकरीला थोरली माणसं अजून नाकं मुरडतात. पुढे रेशनचा गहू रोजचा झाला, शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं आणि भाकरी ‘गरिबाची’ ठरली. आता तीच भाकरी ढाब्यावर चढ्या भावाने मिळते, हा भाग वेगळा.

सीलिअॅक ठरलाच, तर गहू, मैदा, रवा, सातू आयुष्यभर बंद. पुरणपोळी गेली. आमच्याकडे ईदच्या शीरखुर्म्यातल्या शेवया गेल्या, हलीम गेला. लोक ज्याचं नातं तुघलकाच्या फौजेशी लावतात, त्या या शहराच्या नान-खलियातलं नान गेलं. खलिया उरतो, तोही मसाल्याची खात्री करून. हिंगाच्या खड्यातसुद्धा पुष्कळदा कणीक असते. रोजेदार बाईने गोळीची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. सहरीच्या आधी अर्धा-पाऊण तास उठून, नाही तर शेवटच्या खाण्यानंतर तीन-एक तासांनी झोपताना, असे मार्ग आहेत.

एक धोका सांगायला हवा. ऐकीव माहितीवर आधीच गहू सोडू नये. गहू बंद केला की रक्ताची तपासणी आणि आतड्याचा तुकडा, दोन्ही निर्दोष दिसू लागतात आणि निदान हुकतं. आधी तपासणी, मग पथ्य. पथ्यानेही झिजलेली ग्रंथी सहसा परत येत नाही, गोळी चालूच राहते. पण आतडं भरून आलं की पुष्कळांना ती कमी ताकदीची पुरते. डॉक्टरांकडे जाताना गोळीची ताकद केव्हा किती वाढली, हे तारखांसकट कागदावर लिहून न्यावं. आठवणीतून सांगितलं की ते गाऱ्हाणं वाटतं.

आणि गिरणीत रांगेला उभं राहिल्यावर विचारायचं, आधीचं दळण कशाचं होतं? गव्हावर ज्वारी टाकली तर पहिल्या पायलीत गहू येतोच. गिरणीवाला कुरकुरतो. ज्वारीवरच ज्वारी टाकायची, नाही तर घरी छोटी गिरणी घ्यायची आणि तिच्यात गव्हाचा दाणा घालायचा नाही.