झोळीची मजुरी : बागलाणातील कामकरी आई

बागलाण हा नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुका असून आरम नदीकाठचे सटाणा हे त्याचे मुख्य ठिकाण आहे. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरातील आदिवासी गावांपासून पूर्वेला मालेगावच्या सपाटीपर्यंत पसरलेल्या या मुलखात बायकांनी घराबाहेर काम करावे की नाही, हा प्रश्न कष्टकरी घरांना कधी पडलाच नाही. कामावर जाणारी आई ही शहराची आणि कचेरीची निर्मिती आहे, हा रूढ समज त्यामुळे येथे टिकत नाही. निंदणी, म्हणजे पिकातील तण खुरप्याने काढणे, असो की कापणी-मळणी, ही कामे तान्ह्या मुलांच्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या केली आहेत. काळानुसार बदलत गेली ती त्यांच्या कामाची मोजणी, आणि मूल पाजण्यात गेलेला वेळ त्या मोजणीत कोणाच्या खाती पडायचा हा हिशेब.

सटाण्याच्या लोकस्मृतीत दुष्काळ म्हटला की यशवंत महादेव भोसेकर, म्हणजेच देवमामलेदार यशवंतराव महाराज, यांचे नाव येते. 1870-71च्या दुष्काळात मामलेदार या नात्याने त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी खुला केला, ही कथा गावाने मंदिराच्या आणि यात्रेच्या रूपाने जपली आहे. खजिना उघडणाऱ्याचे स्मरण राहावे हे योग्यच. परंतु त्यानंतरच्या दुष्काळांत इंग्रज सरकारने मदतीचा जो मार्ग धरला तो दानाचा नव्हता, कामाचा होता. रस्ते बांधणाऱ्या आणि तलाव खणणाऱ्या मजुरांना मदत म्हणून मजुरी मिळे, आणि मुंबई इलाख्यातील 1876-77च्या मजुरीदरांत बाईचा दर पुरुषाच्या दराहून कमीच ठरवलेला होता.

मातृत्वाचा विचार मात्र कायद्यात शिरला तो दुष्काळी कामावरून नव्हे, गिरणीच्या दारातून. मुंबई कायदेमंडळात 1928 साली प्रसूती-लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, 1929 साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला आणि 1961च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली, जी 2017च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांवर गेली. या 1961च्या कायद्यातील एक कलम सहसा चर्चेत येत नाही, पण येथे तेच महत्त्वाचे आहे: मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी आईला नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोन सुट्ट्या द्याव्यात, असे ते सांगत होते. स्तनपानाचा वेळ हा कामाच्या दिवसाचाच भाग आहे, हे कायद्याला मान्य होते. मात्र ते कारखाना, खाण, मळा अथवा नोंदलेली आस्थापना यांच्या आतच. मळा म्हणजे चहा-कॉफीचा. बागलाणातील वावर, म्हणजे शेत, त्या व्याख्येत बसत नव्हते.

वावरातील बाईपर्यंत सरकार पोचले ते 1972च्या दुष्काळाने. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना या काळात राज्यभर पसरली, 1977 साली तिचा अधिनियम झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध अशा कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या, कारण काम गावाजवळ होते आणि दर बाईला वेगळा नव्हता. कामाच्या जागी पाणी, सावली आणि मुलांसाठी पाळणाघर असावे, अशीही तरतूद होती. मजुरी मात्र बहुधा मोजमापावर मिळे. टोळीने खणलेल्या खड्ड्यात खोली मोजता यावी म्हणून मातीचा एक खुंट न खणता ठेवला जाई, त्यावरून किती माती निघाली ते ठरे आणि त्या मापाचे पैसे टोळीत वाटले जात. घमेले खाली ठेवून बाई झोळीतल्या मुलाला पाजायला गेली की तेवढी माती कमी निघे. दर समान होता, कमाई समान होईलच असे नव्हते. समान वेतनाच्या चर्चेत हा फरक सहज निसटतो.

आज तालुक्यातील मजुरीचे मोठे क्षेत्र कांदा, द्राक्ष आणि डाळिंब यांचे आहे, आणि तेथे हीच मोजणी खासगी रूपात चालते. उन्हाळ कांद्याची लागण हिवाळ्यात होते. रोपवाटिकेतून उपटलेली रोपे बायका ओल्या वाफ्यात वाकून, वीतभरही अंतर न सोडता, एकेक करून खोचतात, आणि हे काम बहुधा उक्ते, म्हणजे एकरी ठरावीक रकमेवर, टोळीला दिले जाते. उक्त्या कामात कोणी कोणाला थांबवत नाही, पण थांबणेही कोणाला परवडत नाही. एकीचा थांबलेला हात बाकीच्यांच्या वाट्यावर पडतो. अंगणवाडी, जी 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची गावातील शाखा आहे, ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास बसवून घेते. त्याहून लहानांना घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. मजूर बाईला मिळणारे 2017च्या मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे पाच हजार रुपये आणि नोकरदार बाईची सव्वीस आठवड्यांची पूर्ण पगाराची रजा, या दोन गोष्टी एकाच हक्काची रूपे आहेत असे मानायला बरीच उदारता लागते.

2005च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने मुलांच्या सांभाळाच्या बाबतीत एक मूलगामी गोष्ट केली होती. कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांतील एकीला मुले सांभाळण्याचे काम द्यावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, असे त्यात म्हटले होते. मूल सांभाळणे हे घमेल्याच्या तोडीचे काम ठरून त्यालाही हजेरीपटावर जागा मिळाली. कांद्याच्या टोळीबरोबर पाच मुले असणे मुळीच दुर्मिळ नाही, पण वावर खासगी असल्याने ती तरतूद बांधापाशीच थांबली. बांधावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते आणि तिची दोरी बहुधा सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या हातात असते, जिचे नाव त्या दिवशी शाळेच्या हजेरीपटावर पुकारले जाते.